तबकड्यांच्या दुकानातील सोबत

जमैका हे कॅरिबियन समुद्रातील एक लहानसे बेट. तेथे १९६८ च्या सुमारास जे संगीत रूपास आले, त्यास 'रेगे' म्हणतात. दोन टाळ्यांमधील रिकाम्या जागेत गिटारचा ठोका पडावयाचा आणि त्याखाली बास गिटारने संथ, भारदस्त चाल धरावयाची, ही त्याची ओळखखूण. या संगीताचे जुने चाहते एकत्र बसले म्हणजे गायकांच्या बरोबरीने दुकानदारांचीही नावे निघतात. गाणे कोणी गायिले एवढेच नव्हे, तर ते कोणत्या दुकानात, कोणाच्या शेजारी उभे राहून प्रथम ऐकले, हेही त्यांच्या स्मरणात असते. असे का व्हावे, हे विचार करण्याजोगे आहे.

किंग्स्टन शहरातील नॉर्थ परेड येथे व्हिन्सेंट चिन व त्यांची पत्नी पॅट्रिशिया यांचे 'रँडीज' हे दुकान होते. व्हिन्सेंट प्रथम ज्यूकबॉक्सच्या देखभालीचे काम करीत. त्या यंत्रांतून काढलेल्या जुन्या तबकड्या विकून या व्यापाराचा आरंभ झाला. पॅट्रिशियाबाई चिनी व भारतीय अशा दोन्ही वंशांच्या. पुढे माडीवर ध्वनिमुद्रणाची खोली झाली आणि वर मुद्रित झालेले गाणे खाली विकले जाऊ लागले. जवळच्या बोळात वादक कामाची वाट पाहत बसत. लोकांनी त्या जागेस 'आळशांचा विसावा' असे थट्टेचे नाव दिले होते; वस्तुतः तेथे बसणाऱ्यांत त्या बेटाचे उत्तमोत्तम कलावंत असत.

या कथेत एका धर्मभगिनीचेही स्थान आहे. सिस्टर्स ऑफ मर्सी या संघाच्या 'आल्फा' शाळेत गरीब व निराधार मुलांना आश्रय मिळे. सिस्टर मेरी इग्नेशियस डेव्हिस या १९३९ साली तेथे आल्या आणि २००३ साली त्यांचे देहावसान होईपर्यंत त्यांचे या शाळेशी नाते राहिले. त्यांनी तबकड्यांचा मोठा संग्रह केला होता आणि त्या मुलांना त्या वाजवून दाखवीत. डॉन ड्रमंड, टॉमी मॅकुक इत्यादी वादक याच शाळेचे विद्यार्थी. त्यांच्या १९६४ च्या 'स्कॅटलाइट्स' या वाद्यवृंदाने रेगेचा पाया घातला.

१९४८ नंतर जमैकाचे पुष्कळ लोक ब्रिटनमध्ये कामासाठी गेले. तेथे वर्णामुळे त्यांना भाड्याची खोली मिळणेही कठीण होई आणि नभोवाणीवर त्यांचे संगीत क्वचितच लागे. तेव्हा तबकड्यांचे दुकान हेच त्यांची चावडी झाले. जमैकात जन्मलेले, भारतीय वंशाचे ली गोपथाल यांनी लंडनमध्ये अशी दुकाने काढली. १९६८ साली 'ट्रोजन' या कंपनीच्या स्थापनेतही त्यांचा वाटा होता. शनिवारी दुकानात दाटी होई. जमैकाहून आलेल्या नव्या तबकडीचे लेबल पुष्कळदा कोरेच असे. दुकानदार तिचे आरंभीचे काही क्षण ऐकवी. ज्यास ती हवी तो हात वर करी. प्रती थोड्या आणि हात पुष्कळ! कष्टाच्या मजुरीतून घेतलेली तबकडी मग घरी पुनःपुन्हा वाजे. मागील बाजूस बहुधा त्याच गाण्याचे केवळ वाद्यरूप असे.

तथापि या आठवणी सर्वस्वी गोड मानू नयेत. १९६९ च्या सुमारास गोऱ्या कामगारांची मुलेही हेच संगीत आवडीने विकत घेत. परंतु त्यांच्यातीलच काही जण रस्त्यावर आशियाई लोकांना मारहाण करीत. गाणे कानापर्यंत पोहोचले, अंतःकरणापर्यंत पोहोचले नाही. सौंदर्याची आवड म्हणजे शेजाऱ्यावरील प्रीती नव्हे, हे या इतिहासाने स्पष्ट दाखविले आहे. प्रीती निराळी शिकावी लागते, आणि ती शिकण्यास शेजारी कोणीतरी असावा लागतो.

२०१८ साली युनेस्कोने रेगेला मानवजातीच्या अमूर्त वारशात स्थान दिले. दुकाने मात्र एकेक करून मिटली. लंडनमध्ये १९७६ साली सुरू झालेल्या 'डब व्हेंडर'चे क्लॅपहॅम जंक्शन येथील दुकानही २०११ च्या दंगलीनंतर बंद पडले. आज हवे ते गाणे खिशातील फोनवर क्षणात मिळते, आणि ही सोय वाईट नव्हे. परंतु ते ऐकताना आपल्या शेजारी कोण असते? वाचकहो, घरातील वडीलधाऱ्यांना त्यांच्या आवडीचे गाणे विचारा, आणि ते त्यांनी कोणाच्या संगतीत ऐकले तेही विचारा. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अधिक काळ चालेल.