आईची नजर आणि लेकाचे यंत्र



माल पिकवणे हे निम्मे काम. तो निवडून, प्रत लावून बाजारात धाडणे हे उरलेले निम्मे. द्राक्षे असोत, डाळिंबे असोत की टोमॅटो, ही निवड बहुधा घरातल्या बायकाच करतात आणि त्या तासांचा हिशेब कुठल्याच वहीत लागत नाही. जपानमधल्या एका शेतकऱ्याच्या मुलाने तो मांडला, त्याची ही हकिगत.

शिझुओका प्रांतातील कोसाई येथे मकोतो कोइके यांच्या आईवडिलांची काकडीची शेती आहे. मकोतो मोटार उद्योगात संगणकाची कामे करीत. २०१५ च्या सुमारास ते घरच्या शेतीत मदतीला आले. पाहतात तो काय, काकडीच्या नऊ प्रती! लांबी, जाडी, रंग, वाकडेपणा, बारीक ओरखडे, अंगावरचे काटे, सारे पाहून आई प्रत ठरवी. हंगामाच्या भरात तिचे दिवसाचे आठ-आठ तास त्यात जात. ही नजर तयार व्हायला महिनेच्या महिने लागतात, त्यामुळे आयत्या वेळी मजूर लावूनही भागत नाही.

नोव्हेंबर २०१५ मध्ये गुगल कंपनीने टेन्सरफ्लो ही प्रणाली सर्वांना मोफत खुली केली होती. चित्रे दाखवून संगणकाला ओळख शिकवता येते, ती यातून. मकोतोंनी तळहाताएवढा स्वस्त संगणक, कॅमेरा आणि छोटा सरकता पट्टा जुळवला. आईने प्रत लावलेल्या काकड्यांची सुमारे ७,००० छायाचित्रे काढली. त्यातच तीन महिने गेले. ती शिकायला संगणकाला दोन-तीन दिवस पुरले.

फळ काय मिळाले? चाचणीत यंत्राने शंभरात ९५ हून अधिक काकड्या बरोबर ओळखल्या. प्रत्यक्ष कामाला जुंपल्यावर मात्र ७० च! पाठ केलेली गणिते सुटावीत आणि नवे गणित आले की मूल अडावे, तसाच हा प्रकार असावा, असे मकोतोंना वाटले. शिवाय छायाचित्रे फार लहान करून वापरल्यामुळे बारीक ओरखडे यंत्राला दिसतच नव्हते. आईला मात्र ते दिसत.

यातून आपण काय घ्यावे? प्रतवारीचे यंत्र विकणारा प्रदर्शनात आकडा सांगेल, त्यावर भुलू नका. आपल्याच शेतातले चार क्रेट त्यावर चालवायला सांगा. घरच्या जाणत्या बाईला शेजारी उभी करा आणि किती नग चुकले ते मोजा. पैशांची बोलणी त्यानंतर.

दुसरे, या हंगामात प्रत्येक प्रतीचे नमुने एकाच जागी, एकाच उजेडात ठेवून मोबाईलवर टिपा आणि हा नग या प्रतीत का, ते निवडणाऱ्या बाईच्याच शब्दांत वहीत लिहा. यंत्र येवो न येवो, घरात आलेल्या नव्या सुनेला किंवा मुलाला ती वही उपयोगी पडेल.

आणि त्याच वहीत निवडीला लागलेले तासही मांडा. मालाचा भाव ठरवताना तेही खर्चात धरायचे असतात.