पेढीवरची गादी आणि पाठीतली गादी

व्यापाऱ्याच्या आयुष्यात दोन गाद्या असतात. एक पेढीवरची, दुसरी पाठीतली. पेढीवरच्या गादीची खोळ आपण दर दिवाळीस बदलतो, कापूस बसला तर पिंजाऱ्यास बोलावितो. पाठीतल्या गादीकडे मात्र ती दुखू लागेपावेतो कोणाचे लक्ष जात नाही, आणि दुखू लागली म्हणजे ‘गादी सरकली’ एवढे दोन शब्द उच्चारून घरातील सर्वजण गंभीर होतात.

आमच्या थोरल्या बंधूंचे गतवर्षी असेच झाले. जुमेरातीतील पेढीवर पस्तीस वर्षे मांडी घालून, लोडास टेकून, गल्ल्यावर ओणवून त्यांनी हिशेब केला. प्रथम कंबर धरू लागली, मग अठ्ठेचाळीस मिनिटांचे सामायिक एका बैठकीत पुरे होईना. दादांना दुखण्यापेक्षा ते अधिक लागले. अशा वेळी कोणी परिचिताने त्यांच्या हाती एका खाजगी दवाखान्याचे गुळगुळीत पत्रक दिले. ‘मूलपेशींचे एक इंजेक्शन, झिजलेली गादी पुन्हा नवी, शस्त्रक्रिया नाही.’ शुल्काचा आकडा एवढा होता की, दादांनी धाकट्या मुलीच्या नावची ठेव मोडण्याचा विचार बोलून दाखविला. त्या निमित्ताने आम्ही जे वाचले व विचारले, ते सभासद बंधुभगिनींपुढे ठेवीत आहोत.

माणसाच्या कण्यात अशा २३ गाद्या आहेत. प्रत्येकीच्या मध्यभागी पाणी धरून ठेवणारा मऊ गर असतो व त्याभोवती चिवट तंतूंचे वेटोळे. तरुणपणी त्या गरात शेकडा ऐंशीच्या आसपास पाणी असते. वयाबरोबर ते घटते. प्रौढ माणसाच्या गादीत आतवर रक्तवाहिन्या नसतात. वरच्या व खालच्या मणक्यांतून पाझरेल तेवढ्यावरच तेथील थोड्या पेशी जगतात. म्हणून हाताची जखम जशी भरते, तशी ही भरत नाही. स्वीडनमधील नाखेम्सन यांनी १९६० च्या दशकात जिवंत माणसांच्या गादीत सुई घालून दाब मोजला, तेव्हा उभे राहण्यापेक्षा बसण्यात दाब अधिक आढळला. पुढे १९९९ मध्ये जर्मनीत झालेल्या मोजणीत बसण्याचा दोष तितका दिसला नाही. पण पाठ वाकवून ओझे उचलण्यात दाब फार वाढतो, याविषयी दोहोंत मतभेद नाही. गुळाची भेली वाकून उचलणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे.

तथापि झीज म्हणजे दुखणे नव्हे. कोणतीही व्यथा नसलेल्या माणसांच्या चित्रांचा २०१५ मध्ये एकत्र अभ्यास झाला, त्यात विशीतल्या शेकडा ३७ जणांच्या आणि ऐंशीच्या शेकडा ९६ जणांच्या गाद्या झिजलेल्या निघाल्या. एमआरआयच्या अहवालातील काळे अक्षर वाचून दादांचा चेहरा उतरला होता. वरील आकडे ऐकून त्यांनी तो कागद प्रथमच घडी घालून बाजूस ठेवला.

गादीत औषध टोचण्याची कल्पना नवी नाही, आणि तिची सुरुवात आपल्या परसातल्या पपईपासून झाली. १९५६ मध्ये अमेरिकेत लुईस थॉमस यांनी पपईच्या चिकातील द्रव्य सशांना टोचले, तेव्हा त्यांचे ताठ कान काही तासांत लोंबले व थोड्या दिवसांनी पुन्हा उभे राहिले. (प्रयोग आम्हास रुचणारा नाही, परंतु घडले ते सांगणे प्राप्त आहे.) कूर्चा विरघळविणारे हे द्रव्य सरकलेली गादीही विरघळवील, या तर्काने लायमन स्मिथ यांनी त्याच चिकातील कायमोपापेन १९६३ मध्ये प्रथम माणसाच्या गादीत टोचले. १९८२ मध्ये अमेरिकन सरकारने त्यास मान्यता दिली. पुष्कळांना गुणही आला. परंतु काहींना जीवघेणी ॲलर्जी झाली, क्वचित कोणाच्या मज्जारज्जूस इजा पोहोचली, आणि या शतकाच्या प्रारंभी ते तेथील बाजारातून नाहीसे झाले. जपानात कोंडोलिएज नावाचे, जिवाणूंपासून काढलेले तशाच जातीचे द्रव्य २०१८ पासून मान्य आहे. पण ही दोन्ही औषधे बाहेर आलेली गादी आकसविणारी. झिजलेली गादी भरून काढणारी नव्हेत. पत्रकांत हा भेद पुसला जातो.

भरून काढण्याचा दावा आहे तो दुसऱ्या दोन उपायांचा. पहिला म्हणजे रोग्याचेच रक्त काढून, यंत्रात घुसळून, त्यातील प्लेटलेटचा दाट भाग गादीत टोचणे. २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या ४७ रोग्यांवरील चाचणीत आठ आठवड्यांनी त्याचा काही लाभ दिसला. पुढे झालेल्या आणखी एका लहान चाचणीत मात्र ते मिठाच्या पाण्याहून सरस ठरले नाही. दुसरा उपाय मूलपेशींचा. स्पेनमध्ये २०११ साली दहा रोग्यांना त्यांच्याच अस्थिमज्जेतील पेशी दिल्या गेल्या व दुखणे कमी झाल्याचे नोंदले गेले. पण दहा माणसांवरून बाजारभाव ठरत नाही. मेसोब्लास्ट या ऑस्ट्रेलियन कंपनीने ४०४ रोग्यांवर मोठी चाचणी केली, तिचा निकाल २०२१ मध्ये आला आणि तिने स्वतःच आधी ठरविलेली कसोटी पार पडली नाही. दुखण्यात काहींना उतार पडला असे कंपनी म्हणते. म्हणून दुसरी चाचणी हाती घेतली गेली.

सुईचाही विचार करावा लागतो. केवळ तपासणीकरिता ज्यांच्या गादीत बारीक सुई घातली होती, अशांच्या गाद्या दहा वर्षांनी इतरांहून अधिक झिजलेल्या आढळल्या, असे २००९ मध्ये कॅरागी प्रभृतींनी दाखविले. शिवाय जिथे रक्तच पोहोचत नाही, तेथे जंतू शिरले तर औषधही सहज पोहोचत नाही.

आता आपल्या समाजास विशेष लागू असा एक प्रश्न. मूलपेशी वाढवावयाच्या तर त्यांस खाद्य लागते, आणि प्रयोगशाळांत त्यासाठी बहुधा गर्भस्थ वासराच्या रक्तातील द्रव वापरला जातो. तो कत्तलखान्यात गाभण गाईच्या पोटातील गर्भापासून मिळतो. हे वाचून आमच्या वहिनी उठून आत गेल्या. मात्र त्यास पर्याय आहेत. मानवी प्लेटलेटच्या अर्कावर अथवा प्राणिज द्रव्यरहित माध्यमात पेशी वाढविता येतात. स्वतःच्या रक्तातील प्लेटलेट त्याच दिवशी टोचावयाच्या असता पेशी वाढविण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. तेव्हा धर्माच्या दृष्टीने सरसकट निषिद्ध असे आम्ही म्हणत नाही. परंतु विचारल्याखेरीज कोणी सांगणार नाही, हे निश्चित.

कायद्याची बाजूही पाहिली. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद व जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या २०१७ च्या राष्ट्रीय सूचनांनुसार, ठराविक रक्तविकार वगळता मूलपेशींचा वापर नोंदणीकृत चाचणीतच व्हावा. त्यानंतर २०२२ मध्ये बंगळुरूच्या स्टेम्प्युटिक्स संस्थेच्या औषधास गुडघ्याच्या संधिवाताकरिता मान्यता मिळाली. मणक्याची गादी त्यात येत नाही. आपल्या देशातील चाचण्यांची नोंदवही २००७ पासून सर्वांस खुली आहे. ज्याचा माल अद्याप परीक्षेत आहे, त्याने परीक्षेला बसणाऱ्याकडूनच पैसे घ्यावे, हा व्यवहार आपणांपैकी कोणाच्या पेढीवर चालेल काय?

दादा आम्हास घेऊन त्या दवाखान्यात गेले. त्यांनी तीनच गोष्टी विचारल्या: चाचणीचा नोंदणी क्रमांक कोणता, पेशी कशात वाढविता, आणि गुण न आल्यास लेखी काय देता? समोरच्या गृहस्थांनी उत्तरादाखल एका क्रिकेटपटूचे छायाचित्र दाखविले. दादा म्हणाले, “हे गिऱ्हाईक झाले, मालाचा नमुना दाखवा.” तेथून आम्ही उठलो.

पुढे भोपाळच्याच एका वृद्ध अस्थितज्ज्ञांनी दादांना तपासून सांगितले की, पायातील बळ जाणे, बैठकीच्या जागी बधिरता येणे, लघवी अडणे वा नकळत होणे, यांपैकी एकही लक्षण दिसले तर घटका न दवडता हमीदिया किंवा एम्स गाठावे. तसे काही नसल्याने त्यांनी चालणे, पाठीचे व पोटाचे व्यायाम आणि दर अर्ध्या तासाने गादीवरून उठणे एवढेच लिहून दिले. त्या कागदाचे शुल्क पाहून दादांना उपचारावर विश्वास बसण्यास थोडा वेळ लागला, हे कबूल केले पाहिजे.

चार महिने झाले. दुखणे गेलेले नाही. निम्म्यावर आले आहे असे दादा म्हणतात, वहिनींच्या मते त्याहून थोडे कमी. पेढीवर आता उंच मेज व लाकडी खुर्ची आली असून जुनी गिऱ्हाइके त्यावरून थट्टा करतात. सामायिक ते भिंतीशी टेकून करतात. मुलीची ठेव जागेवर आहे. दवाखान्यातून दोनदा सवलतीचा फोन आला. दोन्ही वेळा दादांनी नोंदणी क्रमांक विचारला.