ईजीआर व्हॉल्व्ह : दुरुस्त करावा की बंद करून टाकावा?



बैलजोडीच्या बरोबरीने आता पुष्कळ सभासदांच्या दारात डिझेलवरची जीप किंवा पिकअप उभी असते. हंगामात तिला उसंत नसते. टोळीला शिधा पोचवायचा, खताच्या गोण्या आणायच्या, आजारी माणसाला तालुक्याला न्यायचे, सारे तिच्यावरच. नेमकी अशा धावपळीत गाडी ओढेनाशी होते, काळा धूर ओकते आणि चालकासमोर इंजिनाचा पिवळा दिवा लागतो. मिस्त्री बॉनेट उघडून पाहतो आणि म्हणतो, "ईजीआर गेलाय. नवा टाकायचा तर पैसे जातील. त्यापेक्षा मधे पत्रा घालून बंदच करून टाकू, कटकट मिटली!"

हा सल्ला मानावा की नाही, याचा विचार येथे करावयाचा आहे. वर्तुळात पैसा सभासदाचा फिरतो, म्हणून निर्णयही सभासदानेच समजून घ्यावा.

व्हॉल्व्हचे काम काय?

चुलीतला जाळ फार झाला की घरची बाई निखाऱ्यांवर थोडी राख ओढते. जाळ मंदावतो. ईजीआर हेच काम करतो. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराचा थोडा भाग तो पुन्हा आत सोडतो. हा वायू एकदा जळून गेलेला असल्याने फारसा जळत नाही आणि आतली आच कमी होते. आच साधारण १५०० अंश सेल्सिअसच्या वर गेली की हवेतला नायट्रोजन व प्राणवायू यांचा संयोग वाढतो आणि नायट्रोजनची विषारी ऑक्साइडे तयार होतात. ती होऊ नयेत म्हणून ही योजना आहे.

या धुरात काजळी असते. ती तेलाच्या वाफेत मिसळून डांबरासारखी चिकटते आणि व्हॉल्व्ह अडकतो. गाडी नेहमी जवळच्या, हळू खेपा करीत असेल किंवा तासन् तास उभ्या जागी चालू राहात असेल, तर हा थर लवकर चढतो.

"बंद केल्यावर गाडी पळायला लागली!"

असे सांगणारे पुष्कळ भेटतात आणि ते खोटे बोलत नाहीत. पण कारण नीट पाहिले पाहिजे. धडधाकट व्हॉल्व्ह पूर्ण भाराच्या वेळी बहुतांशी मिटलेला असतो. चढावर भरलेली गाडी ओढताना तो आड येत नाही. आड येतो तो उघडा राहून अडकलेला व्हॉल्व्ह. तेव्हा पत्रा घातल्यावर जी ताकद परत आली, ती दोष गेल्यामुळे आली. व्हॉल्व्ह साफ केला असता तरी तीच आली असती.

आपल्या कारखान्यात रस आटविणाऱ्या बॉडीच्या नळ्यांना हंगामात थर चढतो. म्हणून ती बॉडी कोणी कायमची वगळीत नाही. ठरल्या वेळी सफाई करतात आणि पुढचे गाळप चालू होते. इथेही हिशेब तोच आहे.

आधी तपास, मग खर्च

काळा धूर म्हणजे ईजीआरच, असे समजू नये. हंगामातल्या धुळीने एअर फिल्टर चोंदला असेल, टर्बोचा पाइप फाटला असेल किंवा इंजेक्टर बिघडला असेल, तरी हीच लक्षणे दिसतात. म्हणून पहिल्यांदा एअर फिल्टर आणि पाइप पाहावेत. मग स्कॅनर लावून घ्यावा. पी-०४०१ असा कोड आला तर ईजीआरमधून वायू कमी वाहतो, पी-०४०२ आला तर जास्त वाहतो, एवढे ध्यानात ठेवले तरी मिस्त्रीशी बोलणे सोपे जाते.

व्हॉल्व्ह नुसता काजळीने अडकला असेल तर काढून साफ करावा. मोटर किंवा सेन्सर जळाला असेल तर मात्र बदलावा लागतो. आणि रेडिएटरचे पाणी विनाकारण कमी होत असेल, पांढरा धूर येत असेल, तर ईजीआरचा कूलर गळतो आहे काय, हे लगेच पाहावे. पाणी इंजिनात गेले तर काम फार मोठे होते. तिथे "हंगाम संपल्यावर बघू" म्हणू नये.

बंद करण्याची खरी किंमत

१ एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस-४ आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आले. ५० अश्वशक्तीवरील नव्या ट्रॅक्टरांनाही १ जानेवारी २०२३ पासून कडक नियम लागू झाले. या गाड्यांत कंप्युटर हवेचे माप सतत घेतो. पत्रा घातला की त्याचा हिशेब चुकतो, दिवा लागतो आणि पुष्कळदा तो इंजिनाची ताकदच कमी करतो. मग "सॉफ्टवेअर बदला" म्हणून दुसरा खर्च उभा राहतो. वॉरंटी असेल तर तीही नाकारली जाऊ शकते.

कायदाही आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात गाडीत परवानगीविना फेरबदल करणाऱ्या मालकास दर फेरबदलामागे ५००० रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्हीही, असे कलम आहे.

"पण पीयूसी तर मिळते!" होय, मिळते. डिझेल गाडीच्या पीयूसीत धुराचा काळेपणा मोजतात, नायट्रोजनची ऑक्साइडे मोजीत नाहीत. ईजीआर बंद केल्यावर काळा धूर कमीही दिसेल. न दिसणारे विष मात्र वाढलेले असते. म्हणून पीयूसीचा कागद या बाबतीत साक्षीला उपयोगी नाही.

हे विष जाते कुठे? केनयार्डात रात्रभर रांगेत उभ्या असलेल्या गाड्यांशेजारी ड्रायव्हर झोपलेले असतात, आणि कित्येक ठिकाणी जवळच टोळ्यांच्या कोप्यांत लहान मुले असतात. त्यांच्या छातीत ते जाते. शिवाय उन्हात याच ऑक्साइडांपासून जमिनीलगत ओझोन तयार होतो आणि तो पिकांची पाने मारतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, २००५ सालात ओझोनमुळे देशाचा सुमारे ३५ लाख टन गहू आणि २१ लाख टन भात बुडाला, असा अंदाज काढला आहे. याला गाड्यांबरोबर इतरही कारणे आहेत. पण झळ शेवटी शेतकऱ्यालाच बसली.

तेव्हा आमचे सांगणे एवढेच. हंगाम सुरू होण्याआधी, सर्व्हिसिंगच्या वेळीच व्हॉल्व्ह काढून पाहावा. एअर फिल्टर वेळेवर बदलावा. इंजिन विनाकारण चालू ठेवू नये. आणि मिस्त्रीने "बंद करून टाकू" म्हटले, तर त्याला शांतपणे विचारावे, "व्हॉल्व्ह अडकलाय, का जळलाय, ते आधी दाखव." या एका प्रश्नाने पुष्कळांचे पैसे वाचतील.