अंगणातला बुडखा आणि धनुर्वात

पावसाळा सरला की डोंबिवलीच्या एमआयडीसी निवासी विभागातील बंगल्यांत, ठाण्याच्या नौपाड्यात किंवा कल्याणच्या जुन्या वाड्यांच्या परसात एक काम हमखास निघते. पावसात पडलेले झाड कापून नेलेले असते, बुडखा मात्र जागच्या जागी असतो. मग एखाद्या रविवारी घरातले कर्ते पुरुष कुदळ, पहार आणि कुऱ्हाड घेऊन अंगणात उतरतात. त्यांतले काहीजण सोमवारी सकाळी माझ्या दवाखान्यात बसलेले असतात.

बहुतेकांची तक्रार कंबरेची. पहारीने मूळ उचकटताना कंबरेतून वाकून झटका दिला की स्नायू धरतो. हा त्रास चार दिवसांत जातो. मला काळजी वाटते ती ज्याला रुग्ण ‘काही नाही हो, जरासे टोचलेय’ म्हणतात त्या जखमेची.

धनुर्वाताचे जंतू बीजाणूंच्या रूपात मातीत वर्षानुवर्षे जिवंत राहतात. शेणखत घातलेल्या मातीत तर ते विशेष आढळतात. गंजलेल्या खिळ्यामुळे धनुर्वात होतो ही समजूत अर्धवट आहे. गंज निरुपद्रवी असतो, खिळ्याला लागलेली माती घातक. या जंतूंना वाढायला प्राणवायू नसलेली जागा लागते. त्यामुळे भळाभळा वाहणाऱ्या उघड्या जखमेपेक्षा मुळाची ढलपी खोल घुसून वरून बंद झालेली बारीक जखम अधिक धोक्याची असते. लक्षणे बहुधा तीन ते एकवीस दिवसांत दिसतात. प्रथम जबडा आखडतो, तोंड उघडत नाही, घास गिळवत नाही. पुढे मान आणि पाठ ताठ होऊन झटके येतात. तोवर जखम भरूनही गेलेली असते आणि बुडख्याची आठवणही कुणाला नसते.

आता खरा प्रश्न. आपण शेवटची लस कधी घेतली होती? स्त्रियांना गरोदरपणात ती मिळते, मुलांना ठरलेल्या वेळी मिळते. उरतात ते पन्नाशी-साठीचे पुरुष. आपल्याकडे सार्वत्रिक लसीकरण १९७८ नंतर सुरू झाले. त्याआधी जन्मलेल्या अनेकांचे मूळचे तीन डोस कधी पूर्णच झालेले नाहीत आणि बागेत पहार चालवणारेही हेच! याउलट काहीजण दर सहा महिन्यांनी, खरचटले तरी इंजेक्शन मागतात. त्याची गरज नसते. तीन डोस पूर्ण झालेल्याला दर दहा वर्षांनी एक पुरतो. जखम खोल आणि मातीने भरलेली असेल व शेवटच्या डोसाला पाच वर्षे उलटली असतील, तर मात्र लगेच घ्यावा. ज्याने कधीच घेतलेली नाही त्याला नुसती लस पुरत नाही. लसीने शरीरात प्रतिकारशक्ती तयार व्हायला वेळ लागतो, म्हणून तयार प्रतिपिंडांचे वेगळे इंजेक्शन द्यावे लागते आणि लसीचे उरलेले डोस नंतर पूर्ण करावे लागतात. पूर्वीच्या टीटीच्या जागी २०१९ पासून सरकारी कार्यक्रमात टीडी ही लस आली आहे. तिने घटसर्पापासूनही संरक्षण मिळते.

जखम झाल्यास वाहत्या नळाखाली साबणाने निदान पाच मिनिटे धुवा. हळद, चुना, माती, चहापूड यांतले काहीही भरू नका. ढलपी आत तुटली असेल तर सुईने उकरत बसू नका, डॉक्टरांकडून काढून घ्या.

दुसरा धोका बुडख्याच्या पोकळीतला. कुजलेल्या मुळांखाली उंदीर बिळे करतात आणि उंदरांमागे साप येतो. विंचूही अशाच ओलसर फटीत दडतो. तेव्हा हात घालण्याआधी काठीने ढोसून पाहा, गमबूट व जाड हातमोजे वापरा आणि काम उजेडातच उरका. कोकणातला लाल विंचू चावल्यावर दरदरून घाम, उलट्या आणि हातपाय गार पडणे ही लक्षणे दिसली तर विष हृदयावर परिणाम करू लागले आहे असे समजावे. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी यावर प्रॅझोसिन हे रक्तदाबाचे साधे औषध वापरून असंख्य रुग्ण वाचवले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ते औषध वेळेवर मिळायला हवे, म्हणून मांत्रिकाकडे तास घालवू नये. साप चावल्यास आवळून बांधणे, चिरा देणे, विष चोखणे यांतले काही करू नका. चावलेला अवयव न हलवता रुग्णाला प्रतिविष असलेल्या रुग्णालयात न्या. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते.

कुऱ्हाड मारताना डोळ्यांवर चष्मा हवाच. छातीत भरून आले तर काम तिथेच थांबवा, घाम पुसून पुन्हा सुरू करू नका. बुडखा भिंतीलगत असेल तर खालून विजेची केबल किंवा गॅसची नळी गेली आहे का, ते आधी विचारून घ्या. रॉकेल ओतून जाळण्याच्या फंदात तर पडूच नका. उभे झाड तोडायचे असल्यास १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार पालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते.

आणि घाई नसेल तर बुडखा जमिनीलगत कापून त्यावर माती-पालापाचोळा टाकून ठेवा. नवे फुटवे छाटत राहिलात तर तो काही वर्षांत आपोआप कुजतो. तोवर त्यावर एखादी कुंडी ठेवता येते.