उपवास, मेदवृद्धि आणि वाढीचें संप्रेरक

गेल्या आषाढी एकादशीस गंगाखेडास गोदाकाठीं माझा एक जुना विद्यार्थी भेटला. शरीरानें चांगलाच स्थूल. म्हणाला, "गुरुजी, उपवासानें वाढीचें हार्मोन पांचपट होतें म्हणे, आणि चरबी आपोआप झडते. म्हणून आठवड्यांतून दोन दिवस उपवास धरला आहे." हातांत साबुदाण्याच्या खिचडीचा द्रोण होता! मी कांहीं वैद्यकाचा पंडित नव्हे, मॅट्रिकपर्यंत शिकलेला शाळामास्तर. पण विद्यार्थ्याच्या प्रश्नाचा पिच्छा पुरविण्याची खोड निवृत्तीनंतरहि सुटलेली नाहीं.

पांचपटीची गोष्ट खोटी नव्हे. १९९२ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत, दोन दिवस निराहार राहिलेल्या पुरुषांमध्यें या संप्रेरकाची निर्मिति सुमारें पांचपट झालेली आढळली. मेंदूच्या तळाशीं वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथि असते. ती हें द्रव्य थांबून थांबून, लाटांप्रमाणें, आणि गाढ झोपेंत विशेष सोडते. निराहार स्थितींत या लाटा वाढतात. नांव वाढीचें असलें तरी तेव्हां त्याचें काम वाढ करण्याचें नसतें. ज्या दुय्यम द्रव्याच्या द्वारें तें वाढ घडवितें, तें यकृतांतून उलट कमी स्रवतें. मग उरतें काय? सांठलेला मेद जाळावयास मोकळा करणें आणि स्नायूंतील प्रथिनें वांचविणें. दुष्काळांत शहाणा शेतकरी कणगींतलें धान्य काढतो, बैल विकत नाहीं, तसेंच हें.

परंतु तीं माणसें लठ्ठ नव्हतीं, हें माझ्या विद्यार्थ्याच्या वाचनांत आलें नव्हतें. स्थूल माणसाच्या शरीरांत हें संप्रेरक मुळांतच थोडें स्रवतें, आणि स्रवलेलें रक्तांतून लवकर नाहींसें होतें. उपवासानें तें कांहींसें वाढतें, पण सडपातळ माणसाइतकें नाहीं. डॉ. जगन्नाथ दीक्षितांच्या दोनदांच जेवण्याच्या प्रचारामुळें इन्शुलिन हा शब्द मराठवाड्यांत परिचित झाला आहे. तेंच इन्शुलिन स्थूल माणसांत चढें असतें. शिवाय रक्तांत मेदाम्लें वाजवीपेक्षां अधिक. हीं दोन्हीं पीयूषिकेस दाबून ठेवतात.

संप्रेरक कमी म्हणून माणूस लठ्ठ झाला, असें कित्येकांस वाटतें. क्रम बहुधा उलटा आहे. १९९५ सालच्या एका अभ्यासांत, पुष्कळ वजन उतरल्यावर लठ्ठ माणसांचें चोवीस तासांचें स्रवण पूर्ववत् झालेलें दिसलें. ग्रंथि बिघडलेली नव्हती, दबलेली होती.

आतां खिचडी. साबुदाणा म्हणजे बहुतेक निव्वळ पिष्ट. पोटांत गेला कीं साखर व इन्शुलिन दोन्हीं चढतात. धर्माच्या हिशोबीं तो उपवास असेल, त्याविषयीं मी बोलत नाहीं. पीयूषिकेच्या हिशोबीं तें जेवणच. आणि मधुमेहासाठीं जे इन्शुलिन टोचून घेतात किंवा गोळ्या घेतात, त्यांनीं डॉक्टरांस विचारल्यावांचून निराहार मुळींच राहूं नये. साखर एकाएकीं उतरून घेरी येते, प्रसंगीं प्राणावर बेततें.

हें सारें ऐकून घेऊन, द्रोण रिकामा करून त्यानें विचारलें, "मग गुरुजी, वजन उतरवायचें कसें?" मीं म्हटलें, उपवासाचे दोन दिवस राहूं देत, उरलेल्या पांच दिवसांचें पान आधीं पाहूं. पाहतां पाहतां रोज सायंकाळचीं भजीं निघालीं.