कार्बनची नलिका आणि खळीची युक्ती

परळ-लालबागच्या ज्या श्रोत्यांची घरे एके काळी गिरणीवर चालली, त्यांना सायझिंग खाते ठाऊक असेलच. ताण्याचे सूत मागावर चढण्यापूर्वी त्याला खळ देत. नाही तर ते घासून तुटे. सुताचा पिंड तोच राही, बदले ते केवळ त्याचे अंग. १९८२ च्या संपानंतर एकेक गिरणी बंद होत गेली. पण बाहेरून अंग बदलण्याची ही युक्ती आज एका फार सूक्ष्म धाग्याच्या कामी येत आहे. त्याचीच ओळख आम्ही येथे करून देणार आहोत.

हा धागा म्हणजे कार्बनची नॅनोनलिका. १९९१ साली जपानी शास्त्रज्ञ सुमिओ इजिमा यांनी तिच्याकडे जगाचे लक्ष वेधले. कार्बनच्या अणूंची षट्कोनी जाळी गुंडाळून केलेली सुरळी डोळ्यांपुढे आणावी. ती केसाहून हजारो पटींनी बारीक, पण अतिशय बळकट आणि विजेची वाहक असते. नायलॉन वीज वाहत नाही; मात्र त्यात अशा थोड्या नलिका नीट पसरल्या, तर त्या एकमेकींना भिडून विजेला वाट करून देतात. पेट्रोल वाहणाऱ्या नायलॉनी नळीत घर्षणाने वीज साठली, तर ठिणगीचे भय असते. ती वीज या वाटेने निघून जाऊ शकते.

अडचण आहे ती पसरण्यातच. उकळत्या पाण्यात बेसन एकदम टाकले की पिठल्यात गुठळ्या होतात, तशा या नलिका परस्परांच्या आकर्षणाने गुंतून बसतात. मग विजेची वाट तुटते, आणि गुठळीच्या जागी वस्तूही लवकर तडकते.

एक उपाय तीव्र नायट्रिक आम्लाचा. त्याने नलिकेच्या अंगावर ऑक्सिजनयुक्त गट येतात व ती प्लॅस्टिकात मिसळू लागते. पण जाळी जागोजागी उसवते आणि वीज वाहण्याची शक्ती घटते. ज्या गुणासाठी नलिका आणली, त्यालाच धक्का!

दुसरा उपाय सौम्य आहे. पवईच्या आय.आय.टी.त अरूप भट्टाचार्य, सूर्यसारथी बोस आदी संशोधकांनी अमिनोहेक्झॅनॉइक आम्लाचे सोडियम लवण वापरून पाहिले. या लवणातील सोडियम नलिकेवरील इलेक्ट्रॉनांच्या आवरणाकडे ओढला जातो; रेणूच्या दुसऱ्या टोकाचा अमिनो गट वितळलेल्या नायलॉनशी जोडला जाऊ शकतो. म्हणजे एक हात नलिकेला, दुसरा नायलॉनला. आणि जाळीचा टाका एकही उसवत नाही.

विणून झाल्यावर गिरणीतली खळ धुऊन टाकीत. ही मात्र आतच राहते. पण मर्म एकच: धाग्याचे अंग बदलावे, त्याचा पिंड मोडू नये.