नोकरी सांभाळून शिक्षणशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण : आपल्या शिक्षक सभासदांसाठी

बडोद्यातल्या आपल्या मराठी कुटुंबांत शिक्षक-शिक्षिका पुष्कळ आहेत. पस्तिशी-चाळिशी आली, मुले थोडी मोठी झाली, की त्यांच्यापैकी अनेकांच्या मनात पुढे शिकण्याचा विचार येतो. आमचे आयुष्य बँकेत गेल्यामुळे तो विचार आमच्यापर्यंत पोचतो तो फीचा आणि कर्जाचा प्रश्न म्हणून. त्या प्रश्नाचे उत्तर दोन मिनिटांत देता येते. ही पदवी नेमकी कशाची आणि तिने वर्गात काय बदलते, हे सांगायला मात्र जास्त वेळ लागतो.

बी.एड.मध्ये धडा कसा शिकवावा हे शिकवतात. पाठ टाचण कसे काढावे, फळा कसा वापरावा, प्रश्न कसे विचारावेत. पदव्युत्तर पातळीवर त्याच्या मागे जावे लागते. हा धडा पुस्तकात का आला? पाचवीतच का? तो शिकून मुलाला काय यावे अशी अपेक्षा होती? रोजच्या बोलण्यात आपण अभ्यासक्रम, पाठ्यक्रम आणि पाठ्यपुस्तक हे शब्द एकाच अर्थाने वापरतो. शिक्षणशास्त्रात अभ्यासक्रम म्हणजे हेतूपासून परीक्षेपर्यंतची सगळी योजना, पाठ्यक्रम म्हणजे कोणत्या इयत्तेत कोणते घटक याची यादी, आणि पाठ्यपुस्तक हे त्यातले एक साधन.

या विषयाच्या विद्यार्थ्याला राल्फ टायलर हे नाव लवकरच भेटते. या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाने १९४९ साली एका छोट्या पुस्तकात चार प्रश्न मांडले : काय साधायचे आहे, त्यासाठी मुलांना कोणते अनुभव द्यायचे, ते कोणत्या क्रमाने लावायचे, आणि साधले की नाही हे कसे ओळखायचे. यावर पुढे टीकाही खूप झाली; मूल म्हणजे कारखान्यातला माल नव्हे, असा तिचा रोख होता. इंग्लंडच्या लॉरेन्स स्टेनहाउस यांनी १९७५ मध्ये म्हटले की अभ्यासक्रमाची खरी कसोटी वर्गात लागते, म्हणून शिक्षकाने स्वतःच आपल्या वर्गाचा संशोधक व्हायला हवे. आम्हाला स्टेनहाउस जास्त पटतात, पण कामाला सुरुवात टायलरच्या प्रश्नांनीच सोपी जाते.

आपल्या रविवारच्या मराठी वर्गाचे उदाहरण घेऊ. आपण बालभारतीची पुस्तके आणतो. पुस्तके उत्तम, पण ती महाराष्ट्रात राहणाऱ्या, आजूबाजूला सतत मराठी ऐकणाऱ्या मुलासाठी लिहिलेली. आपले मूल घरी आजीशी मराठी, रस्त्यावर गुजराती आणि शाळेत इंग्रजी बोलते. अभ्यासक्रम शिकलेली शिक्षिका आधी या मुलाजवळ काय आहे ते पाहील. गुजरातीतही मराठीप्रमाणे तीन लिंगे आहेत, म्हणजे नपुंसकलिंग ही कल्पना त्याला नव्याने शिकवायला नको. ‘ळ’ गुजरातीतही आहे, त्यामुळे इंदूरच्या हिंदी शाळेत जाणाऱ्या मुलाची तिथे जी अडचण होते ती आपल्याकडे सहसा होत नाही. उलट ‘चूल’, ‘चोर’, ‘जावई’ यांतला दंततालव्य उच्चार आपल्या मुलांना जड जातो, कारण प्रमाण गुजरातीत ‘च’ आणि ‘ज’ तालव्यच उच्चारतात. लिहिताना शिरोरेषा राहून जाते, कारण गुजराती लिपीत ती नाही. वेळ कुठे घालवायचा आणि कुठे वाचवायचा, हे अशा पाहणीतून ठरते. पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत ‘पूर्ण’ करणे हे काही ध्येय नव्हे. मुलाने आजीचे पत्र वाचावे, की आजीला पत्र लिहावे, हेही आधी ठरवावे लागेल. दोन्हींची तयारी वेगळी.

नोकरी करणारे शिक्षक हे काम करू शकतात याचा दाखला शेजारच्या मध्य प्रदेशात आहे. १९७२ साली होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ माध्यमिक शाळांत प्रयोगातून विज्ञान शिकवण्याचा उपक्रम सुरू झाला. ‘बाल वैज्ञानिक’ ही त्याची पुस्तके शिक्षकांच्या अनुभवावरून सुधारली गेली, शिक्षकांच्या मासिक बैठका होत आणि मुले परीक्षेत पुस्तक उघडून उत्तरे लिहीत. २००२ मध्ये राज्य सरकारने तो बंद केला. तीस वर्षे चाललेले काम एका आदेशाने थांबते, हेही अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्याने शिकायचेच असते.

आता पदव्यांविषयी. एम.एड. हा एनसीटीईच्या २०१४ च्या नियमांप्रमाणे दोन वर्षांचा, हजेरी लागणारा अभ्यासक्रम आहे आणि तो मुख्यतः शिक्षकांना घडवणाऱ्यांसाठी आहे. नोकरीत असणाऱ्याला त्यासाठी लांब रजा लागते. ‘घरबसल्या एका वर्षात एम.एड.’ अशी जाहिरात दिसली तर लांब राहावे. नियम बदलत असतात, म्हणून प्रवेशाच्या वर्षाचे परिपत्रक स्वतः वाचावे. शिक्षणशास्त्रातील एम.ए. इग्नूतून दूरस्थ पद्धतीने करता येते. किमान मुदत दोन वर्षे, प्रवेश जानेवारी आणि जुलैमध्ये. क्रेडिट या शब्दाने आमच्या बँकवाल्यांनी दचकू नये. तिथे एक क्रेडिट म्हणजे ३० तासांचा अभ्यास. चार क्रेडिटचा विषय १२० तासांचा, म्हणजे रोज एक तास धरला तर चार महिने. हा हिशोब घरात सगळ्यांसमोर मांडावा, कारण तो तास कोणाच्या तरी स्वयंपाकातून किंवा झोपेतून निघणार आहे. सूनबाई शिकत असतील तर त्या तासाची तरतूद घराने करावी.

या पदवीने पगारवाढ मिळेलच असे नाही. खासगी शाळेत व्यवस्थापनाला आधी विचारावे आणि उत्तर लेखी घ्यावे. एम.ए. आणि एम.एड. प्रत्येक पदासाठी सारखे धरले जात नाहीत, तेव्हा ज्या पदावर डोळा आहे त्याची पात्रता आधी पाहावी, फी नंतर भरावी. कर्ज मंजूर करताना आम्ही कागद आधी पाहत असू, तसेच.

ज्यांना हजेरी शक्य आहे त्यांच्यासाठी महाराजा सयाजीराव विद्यापीठाची शिक्षण आणि मानसशास्त्र विद्याशाखा गावातच आहे. भारतातील शैक्षणिक संशोधनाचा पहिला आढावा १९७४ मध्ये प्रा. एम. बी. बुच यांच्या संपादनाखाली इथल्याच शिक्षणाच्या प्रगत अध्ययन केंद्रातून निघाला. आपल्यापैकी अनेकजण त्या इमारतीवरून रोज जातात.

इग्नूच्या एम.ए.मध्ये प्रबंधिका लिहावी लागते आणि विषय शोधताना पुष्कळांची दमछाक होते. आपला रविवारचा वर्ग त्यासाठी खुला आहे. मुले आहेत, हजेरीपट आहेत, जुन्या वह्याही जपून ठेवलेल्या आहेत. कोणी हा विषय घेणार असेल तर मंडळाच्या कार्यालयात सायंकाळी भेटावे. पालकांची परवानगी घेण्याचे काम आम्ही करू.